हरणीसाठी दोन फाटकं

नोटीस तीन ओळींची होती. आपल्या ताब्यातील श्वान मोकळे फिरत असल्याची तक्रार प्राप्त झाली आहे. सदर श्वानास बांधून अथवा बंदिस्त ठेवावे. श्वान परवाना व रेबीज प्रतिबंधक लसीकरणाचा दाखला सात दिवसांत सादर करावा. खाली सही, गोल शिक्का, जावक क्रमांक. कागद घेऊन आलेला शिपाई फाटकाबाहेरूनच पोच मागत होता आणि हरणी भिंतीवर पुढचे दोन पाय टाकून, मान उंच करून त्याच्याकडे बघत होती. "मॅडम, आधी कुत्रं धरा," तो म्हणाला. तक्रारीची शहानिशा जागच्या जागी झाली.

हरणी कारवान आहे. लातूर, उदगीर, सोलापूर या पट्ट्यात ज्यांचं लहानपण गेलं त्यांना ही जात वेगळी सांगायला नको. लांबोडकं तोंड, आत गेलेलं पोट, उंच पाय आणि अंगावर तोळाभर चरबी नाही. नवखा माणूस बघतो आणि म्हणतो, खायला घालत नाही का हिला? लांब केसांच्या कारवानाला पश्मी म्हणतात. सीमेपलीकडे कर्नाटकात याच कुळातला मुधोळ. २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली त्यात तो होता. वास घेत घेत फिरणारी ही जात नव्हे, नजरेवर शिकार करणारी आहे. लांब कुठेतरी काही हललं की सुटते, आणि एकदा सुटली की हाका मारून घसा बसतो, बाकी काही होत नाही. सशामागे पळायला पिढ्यानपिढ्या माणसानेच घडवली. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ती शिकार बंद झाली, पण हे कुत्र्याच्या डोळ्यांना कोण सांगणार.

चौथ्या मजल्यावर राहत होतो तोवर बंदोबस्ताचा प्रश्न आला नाही. दार लावलं की झालं. गावाबाहेर प्लॉटवर घर बांधून राहायला आलो तेव्हा चार फुटी भिंत होती, सळ्यांचं एक फाटक होतं आणि समोर मोकळे प्लॉट होते. त्या प्लॉटांत दुपारी शेळ्या यायच्या. हरणी आजवर कुणाला चावलेली नाही. शेळीलाही नाही; ती नुसती पळवते. पण चार फुटांची भिंत तिला उंबऱ्याएवढी, आणि शेळ्यांमागे सुटलेलं कुत्रं अंगावरून जातं तेव्हा ते चावणारं आहे की नाही हे विचारायला रस्त्यावरच्या माणसाला सवड नसते.

त्यातून महिना २०२५ चा ऑगस्ट. दिल्लीची भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवा, परत सोडू नका, असा सर्वोच्च न्यायालयाचा ११ तारखेचा आदेश आला होता, टीव्हीवर दुसरं काही नव्हतं. २२ तारखेला तो बराच बदलला: नसबंदी आणि लस झालेली कुत्री पकडली तिथेच परत सोडायची, पिसाळलेली किंवा अंगावर येणारी मात्र सोडायची नाहीत. पण आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला आदेशच फिरत राहिला, आणि भटकी कुत्री नि पाळलेली कुत्री यांची त्यात खिचडी झाली.

तक्रार कुणाची हे शोधावं लागलं नाही. समोरच्या आजोबांची. संध्याकाळी त्यांच्याकडे गेले तर त्यांनी खुर्ची पुढे केली, सुनेला चहा टाकायला सांगितलं आणि सरळ म्हणाले, "बाई, तुमच्यावर राग नाही. पण मी सकाळी काठी घेऊन निघतो तेव्हा आधी तुमच्या भिंतीकडे बघतो, मग पाऊल टाकतो. हे वय आहे का असं चालायचं?"

मग त्यांनी सदरा वर करून पोट दाखवलं. दिसण्यासारखं काही नव्हतं, पण त्यांना अजून दिसत होतं. लहानपणी गावी पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं आणि तालुक्याच्या दवाखान्यात पोटात चौदा इंजेक्शनं घेतली होती, रोज एक. ज्यांनी ती घेतली त्यांच्या पिढीला कुत्रं म्हणजे ती सुई. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती लस आपल्याकडे २००५ च्या सुमारास बंद झाली. आता दंडात टोचतात आणि चार-पाच खेपांत काम होतं. हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "असेल. पण चावल्यावर टोचायचं कशाला? मुळात चावूच नये ना." यावर मला उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

उठताना त्यांनी मोबाइल पुढे केला. "आणि ही जात बॅन आहे म्हणे." ती यादी मार्च २०२४ ची होती. केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने राज्यांना पत्र पाठवून पिटबुल, रॉटवायलर, केन कोर्सो, डोगो अर्जेंटिनो अशा तेवीस जातींच्या आयातीवर, पैदाशीवर आणि विक्रीवर बंदी घालायला सांगितलं होतं. कर्नाटक उच्च न्यायालयाने महिन्याभरातच, १० एप्रिलला, ते पत्रक रद्द केलं. यादीत कारवान कुठेच नाही. पण आजोबांना जात कळत नव्हती, उंची कळत होती. त्यांच्या जागी मीही उंचीच बघितली असती.

माझा आतेभाऊ वकिली करतो. त्याला रात्री फोन लावला. तो आधी हसला आणि मग म्हणाला, "ताई, नोटीस सोड, ती महापालिकेची आहे. त्याच्या वरचं ऐक." भारतीय न्याय संहितेचं २९१ वं कलम: ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होऊ नये इतपत बंदोबस्त जाणूनबुजून किंवा हलगर्जीपणाने केला नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या दंडविधानात हे २८९ होतं आणि दंड हजार रुपये होता. गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलिसांना कोर्टाच्या परवानगीसाठी थांबावं लागत नाही. जामीन मात्र मिळतो. "आणि यात चावायलाच पाहिजे असं नाही," तो म्हणाला. "बंदोबस्त नव्हता, एवढं पुरतं."

म्हटलं, मग साखळी आणते उद्याच.

"थांब, आता दुसरी बाजू ऐक." १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा, कलम ११. जनावर अवाजवी आखूड किंवा जड साखळीला अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा. हलता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा. आणि कुत्र्याचं तर नाव घेऊन लिहिलं आहे: नेहमी साखळीला किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने पुरेसं फिरवलं नाही तर तोही गुन्हाच. पहिल्या वेळेला दंड दहा ते पन्नास रुपये. कित्येक वर्षांत तो वाढलेला नाही. वडापावच्या गाडीवर पन्नासात चौघांचं भागत नाही आता. पण कायदा आहे, आणि एखाद्या प्राणिमित्राने फोटो काढून तक्रार दिली तर जबाब द्यायला जावंच लागतं.

"म्हणजे मोकळी सोडली तर तू आत, बांधून घातली तरी तू आत," आतेभाऊ म्हणाला. "तेव्हा बांधायची वेळच येणार नाही असं कंपाउंड कर."

सासूबाईंचं मत साखळीच्या बाजूने होतं. त्यांच्या माहेरी मळ्यावर कुत्रं दिवसा बांधायचे, रात्री सोडायचे, कुणाची कधी तक्रार नव्हती. आमच्या जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, मळ्यावर दिवसभरात किती परकी माणसं येतात? दोन. तुमच्या फाटकासमोरून किती जातात? बांधलेल्या कुत्र्याला पळून जायची सोय नसते, म्हणून ते अंगावर येतं. दिवसभर ये-जा बघत साखळीला हिसके देत राहिलं तर महिन्या-दोन महिन्यांत गरीब कुत्रं तापट होतं. शिवाय कारवानाच्या पायात जो वेग आहे तो साखळी संपते तिथे मानेवर येतो. त्यांनी हाताने मानेवर करकचून झटका बसल्याची खूण केली. सासूबाईंनी साखळीचा विषय पुन्हा काढला नाही, पण "आमच्या वेळेला..." हे वाक्य अधूनमधून अर्धवट येत राहिलं.

परवान्याचं काम त्यामानाने कोरडं होतं. महापालिकेच्या संकेतस्थळावर अर्ज, त्याला आधार, घरपट्टीची पावती, कुत्र्याचा फोटो, लसीचा दाखला आणि नसबंदी झाली असल्यास त्याचा. घरपट्टी थकली असेल तर अर्ज पुढेच सरकत नाही, त्यामुळे नवऱ्याने लांबवलेला दुसरा हप्ता एकदाचा भरला गेला. लसीच्या दाखल्यावर बाटलीवरचा बॅच नंबरचा चिकटवा हवा. नुसतं "लस दिली" असं डॉक्टरांनी लेटरहेडवर लिहून दिलेलं चालत नाही. पहिली लस तीन महिन्यांच्या वयाला आणि मग दरवर्षी, असं आमच्या पुस्तिकेत नीट नोंदलेलं होतं म्हणून वाचलो. जातीच्या रकान्यात मात्र अडलं. यादीत अफगाण हाउंड होता, सालुकी होता, जपानी काहीतरी होतं. लातूरचा कारवान नव्हता. शेवटी "इतर" भरलं. काउंटरवरच्या ताईंनी छापील अर्ज बघून विचारलं, "इतर म्हणजे गावठी का?" म्हटलं, गावठीच समजा, आम्हीही गावचेच.

हे सगळं कशासाठी, असं मी त्यांना सहज विचारलं. त्या म्हणाल्या, उद्या कुणाला चावलं तर पहिला प्रश्न लस झाली का, आणि ते आम्हाला इथे एका क्लिकवर दिसतं. पाळलेलं कुत्रं चावलं की ते दहा दिवस नजरेखाली ठेवतात. पिसाळलेलं असेल तर तेवढ्यात उघड होतं. मोकाट कुत्रं पळून गेलं की ती सोयच राहत नाही. जखम मात्र लगेच, साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, आणि लस सुरू करायला त्या दहा दिवसांची वाट बघायची नाही, हेही त्यांनी बजावलं. इतकं नीट मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. परवाना देणं हे फक्त पैसे काढायचं काम आहे असं कॉलनीत सगळे म्हणतात. कुत्र्यांवर कर बसवायचा अधिकार महापालिकांच्या कायद्यात आहेच, नाही असं नाही. पण मार्च २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही पाळीव जनावराची लस, नसबंदी, पैदाशीवरचं नियंत्रण आणि परवाना ही मालकाची जबाबदारी असल्याचं स्पष्ट लिहिलं आहे. आठवड्याने बिल्ला आला. पत्र्याचा, गोल, नंबर ठोकलेला.

राहिलं कंपाउंड, आणि खरा जीव तिथे खर्ची पडला.

भिंत वाढवू म्हटलं तर किती? मनात येईल तेवढी वाढवता येत नाही. ओळखीच्या इंजिनियरने २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली उघडून दाखवली. रस्त्याकडच्या कंपाउंडच्या भिंतीची उंची रस्त्याच्या मध्याच्या पातळीपासून मोजून दीड मीटर. त्याच्या वर जायचं असेल तर २.४ मीटरपर्यंत जाता येतं, मात्र वरचा ०.९ मीटर भाग आरपार दिसणारा हवा, म्हणजे जाळी किंवा सळ्या. आधी वाटलं, आता ही आणखी एक कटकट. मग लक्षात आलं की हरणीसाठी यापेक्षा बरं माप मी स्वतः काढलं नसतं. तिची नजर जमिनीपासून अडीच फुटांवर. खाली पाच फूट भरीव भिंत असली की तिला शेळ्या दिसतच नाहीत, आणि जे दिसत नाही त्यामागे ती सुटत नाही. वर तीन फूट जाळी तिची उडी अडवायला. नगररचनेवाल्यांनी हा नियम कुठल्या कारणाने केला असेल ते असो, कुत्रं त्यांच्या डोक्यात नक्कीच नसणार.

चार फुटांवर फूटभर बांधकाम वाढवलं आणि पुढचं काम वेल्डिंगवाल्या चाचांकडे गेलं. त्यांचं दुकान बायपासच्या कडेला, फाटकं, ग्रिल, शेतातल्या पाण्याच्या टाकीचे स्टँड असली कामं. हिशेब किलोवर: लोखंड, मजुरी, रेड ऑक्साइडचा हात धरून शंभराच्या वर काहीतरी. त्यांनी पहिल्या भेटीतच माझे दोन बेत मोडीत काढले. चेनलिंक जाळी नको म्हणाले; तिच्या भोकांत नखं अडकवून कुत्रं चढतं आणि वर्षात जाळी पोटासारखी पुढे येते. वेल्डेड जाळी, जाड तारेची, दोन इंची चौकोनाची, अँगलच्या चौकटीत. आणि वरचा फूटभर भाग आत झुकवलेला, घराच्या बाजूला. कारवान भिंत एका उडीत पार करत नाही. ती वरच्या काठावर पाय टेकवते आणि तिथून दुसरी उडी घेते. काठ आत झुकला की टेकायला जागा राहत नाही.

भिंतीवर काचा लावायचा सल्ला कॉलनीतल्या तिघांनी दिला होता आणि फाटकावर भाले हवेत ही नवऱ्याची हौस होती, घराला शोभा येते म्हणून. चाचांनी भाल्यांचा नमुना हातात घेतला, स्वतःच्या पोटाजवळ धरला आणि नवऱ्याकडे बघितलं. भाले रद्द झाले. सरळ चौकोनी पाइप, वर गोल टोप्या.

सगळ्यात जास्त चर्चा फाटकाची झाली. भिंत कितीही उंच केली तरी दिवसातून वीस वेळा उघडणारी जागा तीच. दूधवाला, गॅस सिलिंडर, कुरिअर, मीटरचं रीडिंग घ्यायला येणारा मुलगा, कचरागाडी. यातलं कुणीही फाटक अर्धवट लोटून निघून जाणार, आणि त्यांनी तसं करू नये अशी पाटी लावून काही होत नाही. म्हणून दोन फाटकं. बाहेरचं जुनं होतं तिथेच, त्याच्या आत सहा फुटांवर दुसरं, मध्ये छोटा चौक. प्राणिसंग्रहालयात रखवालदार पिंजऱ्यात जातो तेव्हा दोन दारं असतात, एक लागल्याशिवाय दुसरं उघडत नाहीत; तसंच. बेल, पत्रपेटी, दुधाची पिशवी अडकवायचा हुक आणि विजेचं मीटर हे सगळं चौकाच्या बाजूला राहील अशी आतल्या फाटकाची जागा धरली. मीटर हलवायचं म्हणजे आणखी एक अर्ज. त्यापेक्षा फाटक हलवणं सोपं. आता परक्या माणसाला हरणीच्या हद्दीत पाऊल टाकावंच लागत नाही. माझ्या मते सगळ्या बंदोबस्तात हा एकच भाग खरा, बाकी भिंत आणि जाळी त्याला धरून.

आतल्या फाटकाला चाचांनी आधी नेहमीची कडी बसवली, वर उचलून पलीकडे टाकायची. हरणी तासभर तिच्यासमोर बसली. मग उठली, कडीखाली नाक घातलं, मान वर केली आणि चौकात आली. चाचा तिथेच बिडी ओढत होते. रागावतील असं वाटलं, तर ते खूश झाले. "ताई, हिला नाक आहे, बोटं नाहीत. नाकाने उचलता येतं ते नको. ओढून मग फिरवावं लागतं असं देतो." त्यांनी जाड खिटी केली, स्प्रिंगवर, आडवी ओढायची आणि अर्धा वेढा फिरवायची. बिजागऱ्या अशा तिरप्या लावल्या की फाटक सोडलं की आपोआप मिटतं. आणि दोन्ही फाटकं आत उघडणारी, कारण कुत्रं ढकलतं, ओढत नाही. जितकं ढकलेल तितकं घट्ट बसेल. फाटकाखालची चार इंचांची फट काँक्रीटचा उंबरा घालून बुजवली, नाहीतर तिथून उकरायला वेळ लागत नाही. पाणी जायला मध्ये पाइप सोडला.

मागच्या अंगाला शहाबादी फरशीवर पत्र्याची सावली, त्याखाली जुन्या शाळेच्या बाकड्यावर तिची गादी, पाण्याची दगडी कुंडी. ही जागा पिंजरा म्हणून नाही केली. दाराला आडणी सुद्धा दिवसा लावत नाही. घरात कार्य असलं, माणसं खूप आली, की मात्र लावते.

मुदत सात दिवसांची आणि काम महिन्याचं, म्हणून मध्येच मी परवान्याची पावती, लसीचा दाखला आणि चाचांचं कोटेशन जोडून मुदतवाढीचा अर्ज दिला. आवक शिक्का मारून घेतला. असा कागद हातात असला की बोलायला बळ येतं.

तपासणीला निरीक्षक आणि त्यांच्याबरोबर एक मुलगा आला, नव्यानेच लागलेला. निरीक्षकांनी जाळी हलवून बघितली नाही, उंची मोजली नाही. ते बाहेर उभे राहिले आणि मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही आत जा आणि मी पार्सल आणलंय असं समजून घ्यायला या." मी बेल वाजल्यासारखी आले, आतलं फाटक मागे मिटलं, बाहेरचं उघडलं, सही केली, पार्सल घेतलं. हरणी आत उभी, शेपूट हलवत. "आता मूल आलंय असं समजा. खिटीपर्यंत हात पोचतो का?" पोचत होता. पण खिटी ओढायला जोर लागतो, तो लहान मुलाला जमत नाही, हे त्यांनी त्या नव्या मुलालाच गुडघ्यावर बसवून करून बघायला लावलं. मग सावली, पाणी, साखळी आहे का आणि किती लांब, दिवसातून किती वेळा फिरवता, हे प्रश्न. पंचनाम्याला शेजारचा पंच हवा म्हणाले आणि समोर हात केला.

आजोबा काठी टेकत आले. त्यांनी चष्मा लावून पंचनामा शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, काठीच्या टोकाने आतलं फाटक दोनदा ढकललं, जाळीचा वरचा झुकलेला भाग बराच वेळ न्याहाळला. "हे आत का वाकवलंय?" सांगितलं. "हं," म्हणाले आणि सही केली. हरणीकडे त्यांनी बघितलं नाही आणि मीही आग्रह केला नाही. कुत्रं आवडून घ्या असं नोटिशीत कुठे होतं, आणि आजोबांनाही ते नको होतं. त्यांना रस्त्याने भिंतीकडे न बघता चालायचं होतं.

कॉलनीच्या संस्थेची सभा यानंतर झाली. विषयपत्रिकेवर दोन ठराव: आतल्या रस्त्यांवर कुत्री आणायची नाहीत, आणि आणल्यास तोंडाला मुसकं, नाहीतर हजार रुपये दंड. मी प्राणी कल्याण मंडळाचं २०१५ चं पत्रक नेलं होतं. त्याचं सार असं की संस्था कुत्रं पाळायला बंदी करू शकत नाही आणि आपल्या मर्जीने दंडही बसवू शकत नाही. पण त्याच पत्रकात मालकांना सांगितलंय की सार्वजनिक जागी कुत्रं पट्ट्याला ठेवा, हा भाग मी स्वतःच मोठ्याने वाचला. नाहीतर दुसऱ्या कुणीतरी वाचलाच असता. मुसक्याबद्दल मात्र भांडले. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच ते अंगातली उष्णता घालवतं. बाजारात मिळणारं कापडी मुसकं तोंड आवळून बंद करतं; आमच्याकडच्या मे महिन्यात ते घालून फिरवणं म्हणजे जिवाशी खेळ. हवंच असेल तर टोपलीसारखं, आत तोंड उघडता येईल असं. शेवटी ठराव झाला तो पट्ट्याचा, आणि विष्ठा उचलायचा. दुसरा भाग मला पहिल्यापेक्षा जास्त गरजेचा वाटतो, पण सभेत त्यावर दोन मिनिटंही कुणी बोललं नाही.

पट्ट्याचंही एक सांगायला हवं, कारण ही चूक दुकानदार सर्रास करून देतात. कारवान, मुधोळ, पश्मी यांची मान डोक्याएवढी किंवा डोक्याहून जाड असते. साधा बकलचा पट्टा कितीही नीट बसला असं वाटलं तरी कुत्रं मागे सरकलं की डोक्यावरून सुळकन निघतो आणि तुमच्या हातात रिकामा पट्टा राहतो. यांना दुहेरी फासाचा रुंद पट्टा लागतो, ओढ बसली की तेवढ्यापुरता आवळणारा आणि सोडला की सैल होणारा. दुकानात मार्टिंगेल म्हणून मागायचा. दोर जाड सुती, सहा फुटांचा. बटण दाबलं की सुटत जाणारा डबीतला बारीक दोर या जातीला वापरू नये. ती वेग घेते आणि दोर संपतो तेव्हा हातातून डबीच जाते, मग ती डबी मागे खडखडत येते म्हणून कुत्रं आणखी पळतं.

आता एवढं सगळं झालं तरी कलम ११ मधला फिरवण्याचा भाग उरतोच. सकाळ-संध्याकाळ दोराला धरून हरणीला चालवणं म्हणजे तिचं फिरणं होत नाही, माझं होतं. तिला सुसाट पळायला लागतं, चार-पाच मिनिटं, मग ती दिवसभर गादीवर पडून असते. आणि पट्टा न सोडता तिला पळवायचं कुठे? कुत्रं मोकळं सोडता येईल अशी कुंपणाची जागा आमच्या गावात नाही. बाग आहे, तिच्या फाटकावर कुत्र्यांना मनाईची पाटी आहे, आणि लहान मुलं खेळतात तिथे ती असायलाच हवी. कॉलनीच्या मागे महापालिकेचा एक आरक्षित भूखंड आहे, चारी बाजूंनी भिंत, आत नुसतं गवत आणि वेड्या बाभळी. तो सकाळी सहा ते सात परवानाधारक कुत्र्यांसाठी उघडावा, किल्ली आणि साफसफाई आमच्याकडे, असा अर्ज आम्ही पाच मालकांनी सह्या करून दिला. उद्यान विभागाने तो मालमत्ता विभागाकडे पाठवला. मालमत्ता विभागाने "अभिप्रायार्थ" असा शेरा मारून पशुवैद्यकीय विभागाकडे धाडला. तिथल्या ताई ओळखीच्या झाल्या आहेत; त्या म्हणाल्या, आमचा अभिप्राय चांगलाच आहे, पण जागा आमची नाही ना.

तोवर रविवारी सकाळी तिला मावसभावाच्या शेतावर नेतो. ऊस तुटून गेलेलं रान आहे, तिन्ही बाजूंनी चर. चौथ्या बाजूच्या बांधावर कधी कधी शेळ्या असतात. त्या दिवशी तीस फुटी दोर.